पेटीबाहेरची यादी

आमचा दादा म्हणजे कुलूपवेडा. दार लावून जिना उतरला, की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघणार. वहिनी म्हणायची, "लग्नात यांना अंगठी कशाला दिली, कुलूपच द्यायचं होतं."

नवऱ्यांच्या माराला कंटाळून पळालेल्या बायकांना आमची संस्था लपवून ठेवते. दादा तिथला सर्व्हर सांभाळायचा, मी पत्रव्यवहार. कोण कुठे राहते ते सगळे पत्ते त्याने सर्व्हरवरच्या एका पेटीत ठेवलेले. पेटी म्हणजे एकच भलीमोठी फाइल. पासवर्ड टाकला की आतलं सगळं दिसणार, बंद केली की नुसता कचरा. "अख्खा सर्व्हर उचलून नेला तरी एक अक्षर हाती लागणार नाही," दादा म्हणायचा. पण ती उघडी असली तर काही खरं नाही, म्हणून पत्ता बघितला की लगेच बंद. दिवसातून वीस वेळा! आणि पासवर्ड चाळीस अक्षरांचा. माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

सोमवारी एक शिंपीण आली. नवरा तपास खात्यात बडा साहेब. हात मोडून गळ्यात बांधलेला, तरी बाई विचारतेय, "शिवणयंत्र मिळेल का हो?" तिला नव्या खोलीत पोचवलं आणि पत्ता पेटीत गेला.

गुरुवारी भर दुपारी चौघे आले. कसलंसं पत्र नाचवत त्यांनी सर्व्हरच्या तारा उपटल्या. एकजण मात्र खुर्चीत निवांत बसून होता.

"माझी बायको शिवणकाम छान करते," तो दादाला म्हणाला. "पासवर्ड?"

"विसरलो."

दादाला गाडीत कोंबलं. जाता जाता तो माझ्या कानाशी पुटपुटला, "घाबरू नकोस गं. पेटी बंद आहे."

पेटी बंदच होती हो! पण मंगळवारी मला मेलीला कंटाळा आला होता. पत्त्यांची यादी मी पेटीतून बाहेर काढून ठेवली होती, त्याच सर्व्हरवर, माझ्या फोल्डरात. वर नाव दिलं होतं, 'रोजचे पत्ते'.

शिंपिणीला फोन लावत सुटले. लागेचना. संध्याकाळी एकदाचा लागला, मागे यंत्राची घरघर.

"ताई, मिळालं बरं का यंत्र! एका हाताने चालवतेय," ती हसली. "थांबा हं, दारात कोणीतरी आलंय."

"उघडू नका!" मी किंचाळले. पण फोन यंत्राशेजारी ठेवून ती उठली होती.