बाकल्याचं बी

दौंड स्टेशनवर आप्पा माझी बॅग सोडायला तयार नव्हते. त्यांचा हात थरथरत होता. मी नर्सिंग शिकलेली पोरगी, पण म्हटलं, लेक लांब चाललीय म्हणून होत असेल, आणि गाडीत बसले. मस्कतला पोचून महिना झाला नाही तोच आईचा फोन आला, "डाक्टर कंपवात म्हंत्यात."

इथं वॉर्डात मी परक्यांना घास भरवते. ड्युटी संपली की फ्लॅटवर माझी वाट बघणारं कुणी नाही. गाव सोडलेल्यांना हे सांगायला नको. फार एकटं वाटतं.

सोबतची इजिप्तची नर्स नाश्त्याला बाकला खाते. आपल्या वालापेक्षा थोराड दाणे, मऊ शिजवून, वर लिंबू पिळून. कंपवाताच्या गोळीतलं औषध या दाण्यांत मुळातच असतं, कोवळ्या शेंगेत जास्त, हे तिनंच सांगितलं. मी हुरळले. आप्पांच्या शिरूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काहींना हे दाणे बाधतात, आधी रक्त तपासा. गोळी सोडायची नाही, आणि खायचं ते बेतानं. तपासणी ठीक आली. मग गावाकडं निघालेल्या ओळखीच्या बाईंच्या हाती दोन किलो पाठवले.

"खाल्ले का?" मी रोज विचारायची. आई म्हणायची, "व्हय, व्हय." दोन महिन्यांनी कळलं, आप्पांनी एक दाणा तोंडात घातला नव्हता. वडगाव रासाईच्या आमच्या वाफ्यात, भीमेच्या काठाला, सगळे टोकले होते.

"एवढं चांगलं बी कुणी शिजवतं व्हय?" ते म्हणाले.

मी चिडून फोन ठेवला, मग रडत बसले.

माघात शेंगा लागल्या. व्हिडिओ कॉलवर आप्पा एकेक शेंग सोलून खाताना दिसायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. थरथर थांबली नव्हती. पण चमचा तोंडापर्यंत जातो, आई म्हणाली. गोळीनं की शेंगेनं, मी विचारलं नाही.

मला सुट्टी मिळाली तेव्हा चैत्र सरत आला होता. वाफा रिकामा होता. कोपऱ्यात एकच झाड, काळ्या वाळक्या शेंगांचं.

"हे का ठेवलंत, आप्पा?"

"तुझ्या वाट्याचं हाय. तू यायच्या आदी कसं खुडायचं?"

इथं मस्कतला आपल्याकडच्या नर्स पोरी कधीकधी विचारतात, घर म्हंजी काय गं? माझा वाटा वाळून गेला तरी कुणीतरी तो राखत बसतं, ते घर. ते दाणे मी सोबत आणलेत. खिडकीत डब्यात आहेत. मलाही शिजवायचा धीर होत नाही.