रिकाम्या आळ्यावरची चादर

सकाळी पाच चाळीसला मन्नूबिया अंगणात गुडघ्यांवर बसून चादरीची टोकं दगडांखाली दाबत होत्या. एप्रिलात ट्युनिशियातल्या नाबुल गावात घरोघरी कडू संत्र्याखाली अशा चादरी पडतात. पडलेली फुलं वेचून त्यांचं पाणी काढतात. मन्नूबियांच्या चादरीवर मात्र झाड नव्हतं. ते हिवाळ्यात वाळलं, मग तोडलं.

"कोणासाठी अंथरताय, आई?" सून रौदा दारातून म्हणाली.

"सवय आहे."

"सवयीला फुलं येत नाहीत. तिथं जिरेनियम लावू. उन्हाळ्यात लगेच पाणी काढता येईल. झाडाला पाच वर्षं जातात."

"लाव. झाड नकोच. मी त्यालाही मारेन."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मन्नूबियांचे पती हम्मादी गेले. मरण झालेल्या घरात त्या वर्षी फुलांचं पाणी काढायची भट्टी पेटवत नाहीत; फुलांच्या पाण्याची बाटली शेजारी आणून देतात. फुलं वाया जातील म्हणून मन्नूबियांनी पेटवली. पुढच्या हिवाळ्यात झाड गेलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," कॉफीला आलेली शेजारीण बेया म्हणाली. "झाडं सगळं ऐकतात."

रौदानं विहिरीच्या पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. "घ्या, मावशी. मग सांगा झाडानं काय ऐकलं ते."

बेयानं घोट घेतला आणि भिंतीवर थुंकला. "हा तर समुद्र आहे."

मन्नूबियांनी उरलेला पेला संपवला. "मला गोड लागतं," त्या म्हणाल्या. विहीर हम्मादींनी खणली होती; झाडालाही तिचंच पाणी जायचं.

बेया गेल्यावर रौदा चादर उचलायला गेली. चादरीवर तीन फुलं होती, ताजी. भिंतीपलीकडच्या बेयाच्या झाडाला अजून कळ्याच होत्या.

"वाऱ्यानं आली असतील," रौदा म्हणाली. वारा नव्हता.

दुपारी ती रोपवाटिकेतून परतली ती कडू संत्र्याचं रोप घेऊन. मन्नूबिया उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

"मी हात लावणार नाही."

"नका लावू. तुम्ही नुसतं सावलीत बसा."

"सावली कुठाय?"

"म्हणून तर पाच वर्षं बसायचं."

मन्नूबिया हसल्या नाहीत, पण उंबरा ओलांडून आळ्यापर्यंत आल्या.

रौदानं विहिरीच्या पंपाची वायर काढून ठेवली आहे. नळाला उद्या सकाळी सहा ते आठ गोडं पाणी येईल. पहिली बादली रोपाची.