सातव्या पानावरचं अक्षर

सातव्या पानावर अक्षर बदललं आणि मी लाल पेनाचं टोपण उघडलं.

खरं तर तिथंच फाईल मिटून जरा चहा प्यायला हवा होता. पण मी पडले कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी बाई. मी गप्प बसेन होय? ऐकाच, स्वतःची शोभा मी किती पद्धतशीरपणे करून घेतली ते.

मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष होत होतं, तेही हंगामी. प्राचार्यांनी जूनमध्येच फर्मान काढलं होतं: यंदा अंतर्गत गुण तोंडी परीक्षेवर नाहीत, मुलींनी वर्षभर केलेल्या कामाच्या फायलीवर. आपापल्या गावाचा अभ्यास करायचा. चुकलेला नकाशा, दुरुस्त केलेला नकाशा, कुठं काय कळलं, सगळं त्यात लावायचं. सूचनांचा कागद मीच लिहिला, मीच सायक्लोस्टाईल करून वाटला आणि नंतर वर्षभर पुन्हा म्हणून वाचला नाही. हे लक्षात ठेवा.

तर उचगावच्या शालन चौगुलेची फाईल. सातव्या पानावर हे टपोरं, तिरकं अक्षर. नवव्यावर जांभळी पेन्सिल. बाराव्यावर तर कुणीतरी आधी लांब ओळ मारून तिला अक्षरं लटकवलेली. शेवटच्या पानावर आणखी एक चौथंच वळण. म्हणजे शालनखेरीज सरळसरळ चार जणांनी हात लावलेलं काम! प्राचार्य मला बजावून गेले होते, एक जरी नक्कल नजरेतून सुटली तर पुढच्या वर्षी तुमचा विचार करायला नको. मी लाल शाईनं लिहिलं, 'काम स्वतःचे नाही. शून्य.' अंतर्गत गुण नसले की परीक्षेला बसता येत नव्हतं. पोरीचं वर्ष जाणार, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. बाकी एकोणचाळीस फायली मात्र कशा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका हाताच्या! त्यांना भरभरून गुण.

शालन रडली नाही. "बाई, तुम्हीच तर..." एवढंच म्हणाली, आणि मी तिला तोडलं. "उद्या पुरावा घेऊन या. चार वाजता यादी प्राचार्यांकडं जाते."

मला वाटलं, कच्चे कागद आणेल. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला खिडकीतून बघते, तर मैदानातून चार फेटे चालत येतायत! पुढं शालन. एकाच्या खांद्यावर उसाची मोळी, एकाच्या हातात विळा.

"कुठं हाय ती भूगोलाची बाई?"

आता आपल्या कोल्हापुरात प्रेमानं विचारलं तरी भांडल्यासारखं वाटतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण विळा दिसला आणि सगळं ज्ञान उडालं. समोरच्या नकाशांच्या खोलीचं दार ढकललं, आत शिरले आणि ते आतून लोटून घेतलं.

कान दाराला. बाहेर बाबूराव शिपायाला सगळे एकदम सांगत होते. ऊस बाईंना खायला आणला होता आणि विळा तो सोलायला. आणि हे चौघं म्हणजेच पुरावा! शालनचे वडील, दोन चुलते आणि गावातले एक म्हातारे तात्या. तात्यांचा आवाज सगळ्यांवर. "सातवं पान माझं हाय. पोरीनं हीर देवळाच्या उगवतीला दावलीती, ती हाय मावळतीला. दिशा चुकली म्हणून म्याच लिवून दिलं. बाईनंच सांगितलंतं की, ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिवायचं."

बाईनं? कुठल्या बाईनं?

कोपऱ्यात उरलेल्या सूचनांचा गठ्ठा होता. वरचाच कागद उचलला. 'गावातील जाणत्या माणसांना काम दाखवून त्यांचे अभिप्राय त्यांच्याच हस्ताक्षरात घ्यावेत.' खाली माझीच सही, चांगली ऐटदार.

म्हणजे चाळीस जणींत एकटी शालन नियमानं वागली होती. बाकीच्यांनी गावोगावचे अभिप्राय घरी बसून स्वतःच लिहून काढले होते. आणि त्यांना मी शेरा दिला होता, 'नीटनेटके काम'.

बाहेर बाबूराव पाहुण्यांना चहाला घेऊन गेला. आता पळत जाऊन यादी दुरुस्त करायची, बस. दार ढकललं. हलेना. खांद्यानं रेटलं. नाहीच! कोंडलं की मला! यादी माझ्या टेबलावर, आणि चारच्या ठोक्याला बाबूराव ती न विचारता साहेबांकडं नेऊन ठेवणार. घड्याळात पावणेचार. मी बाबूरावच्या नावानं हाका मारल्या. जगाच्या नकाशाची काठी दारावर बडवली. मग तर नाव-गाव सोडून नुसतीच, "अहो, कुणी आहे का?" कोपऱ्यातला पृथ्वीचा गोल माझ्याकडं तिरका बघत उभा.

शेवटी पलीकडं वहाणा करकरल्या.

"कोन हाय आत?" तात्या.

"मी... भूगोलाची बाई. दार उघडत नाही. बाहेरची कडी काढा."

बाहेरून एक हात दारावर वरखाली चाचपत फिरला. मग नकाशा तपासावा तशा शांतपणे आवाज आला.

"कडी न्हाईच हितं, बाई. दार तुमच्या अंगाला उघडतंय. ढकलू नगासा, वढा." आणि वर, "ह्ये बी लिवून देऊ का, दिशा चुकली म्हणून?"