धुऱ्यावरची सीईटी

मी वकिलीच्या अभ्यासाला लागले ती एका शेळीमुळे. कॉलेजातही मी हेच सांगते. लोक हसतात, हसू देत, खरं ते खरं.

शेळी शेजारच्या काकूंची. मी आमच्या अंगणात वालाचा वेल चढवला होता, चांगल्या शेंगा धरल्या होत्या. एका दुपारी बोअरिंगवरून पाणी घेऊन येते तर अर्धा वेल फस्त आणि शेळी तिथेच निवांत रवंथ करत बसलेली. माझं डोकं एरवीही लवकर तापतं, त्या दिवशी तर विचारूच नका. काकू म्हणाल्या, "तू कुंपन काहून नाही घातलं वं?" मी म्हटलं, "तुमी शेळी काहून नाही बांधली?" झालं! दोन तास आमचं ते चाललं. मी मुद्दे मांडले, येणाऱ्या-जाणाऱ्याला साक्षीला उभं केलं, मागच्या वर्षीच्या मेथीचा विषयही उकरून काढला. संध्याकाळी नवरा तुमसरच्या राईस मिलमधून घरी आला, तरी आम्ही दोघी तिथेच. त्यानं गाडी स्टँडवर लावली, दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "तुले माह्या घरी नाही, कोर्टात द्याले पायजे होतं."

सगळे हसले, काकूसुद्धा. मी नाही हसले. मी आत जाऊन मोबाईल उघडला. पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा कोर्स असतो, त्याला सीईटी द्यावी लागते, आणि वयाची अट नाही. मी छत्तीस वर्षांची, लग्नाआधी बीए झालेली. ते सर्टिफिकेट सासूच्या लोखंडी पेटीत लुगड्यांच्या खाली होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बाहेर काढलं.

नवरा नाही म्हणाला नाही, पण त्यानं त्याचा कायदा केला. पोरगी नववीत होती. "पुढच्या वर्षी तिची दहावी. त्या वर्षी घरात एकच परीक्षा. यंदा जमलं तं जमलं, नाही तं विषय बंद." आणि दुसरी अडचण माझी मीच ओळखून होते. नंबर लागायचा तर भंडाऱ्यालाच लागायला हवा. मोहाडीच्या पलीकडे आमचं गाव, तिथून सकाळच्या एसटीनं जाता येतं आणि दिवे लागायच्या आत परत येता येतं. नागपूरला लागला असता तर होस्टेलवर राहायला मी काय सोळा वर्षांची होते? म्हणजे एक वर्ष आणि एक कॉलेज. त्यात मार्क कमी पडले की आयुष्यभर नवऱ्याचे टोमणे आणि शेळीचं तोंड पाहणं नशिबी.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. आम्ही तिला आई म्हणतो. लाखोरीची डाळ पाखडता पाखडता ती एवढंच म्हणाली, "सैपाकाचं मी पाहीन. तू पास होजो फक्त."

पुस्तक आलं नागपूरहून. वेळ मात्र कुठूनच येईना. जानेवारी होता, उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली होती. आमच्याकडे रोवणी एकमेकींच्या मदतीनं होते. आज आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या काकूंच्या, परवा आणखी कोणाच्या, अशा दहा-बारा जणी गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, लावत मागे मागे सरकतो. तिथून सुटका नाही. तेव्हा मी एक युक्ती केली. सकाळी वहीच्या कागदावर पाच प्रश्न उतरवायचे, कागद प्लॅस्टिकच्या पन्नीत घालायचा, काडीला बांधायचा आणि काडी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, खोवायची. एक बांधी रोवून धुऱ्याशी आलो की चिखलाचे हात वर धरून मी एक प्रश्न मोठ्यानं वाचायची आणि पुढची बांधी लावता लावता त्याचा विचार करायची.

पहिल्या दिवशी विचार माझा मीच केला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सुरू केला.

काय धमाल केली बायांनी! कराराचा धडा होता. प्रस्ताव आला आणि समोरच्यानं तो स्वीकारला तरच करार होतो, हे पुस्तकात तीनदा वाचूनही डोक्यात बसत नव्हतं. काकू म्हणाल्या, "अवं, पोरगी पाहाले आले, पोहे खाल्ले, चहा पेले, कळवतो म्हनून गेले. लग्न झालं का?" सगळी रांग ओरडली, "नाही झालं!" "मंग तोच तुहा करार." दुसरीनं लगेच विचारलं, "आन् दोनदा पोहे खाल्ले तं?" त्यावर इतकं हसू उसळलं की एकजण पऱ्ह्यांच्या जुडीसकट मागे चिखलात बसली. परीक्षेच्या दिवसापर्यंत कराराचा एकही प्रश्न माझा चुकला नाही.

मग आला तो अंगठीचा प्रश्न. या परीक्षेत प्रश्नांची एक तऱ्हा असते. वर एक तत्त्व दिलेलं असतं, खाली एक घटना. त्या तत्त्वाप्रमाणे निकाल द्यायचा. तत्त्व असं होतं की जमिनीत सापडलेली वस्तू, तिचा खरा मालक माहीत नसेल तर, जमीनमालकाची. घटना अशी की एका माणसानं आपलं तळं साफ करायला मजूर लावला, आणि मजुराला गाळात सोन्याची अंगठी सापडली. अंगठी कोणाची?

"ज्याले सापडली त्याची!" बांधी अर्धीही झाली नव्हती, तरी निकाल लागला. एकीचंही दुमत नाही. माझंही नाही. आमच्या गावात याबद्दल वाद होऊच शकत नाही, कारण आमच्याकडे रोवणीची रीत आहे. तलावाच्या पाण्यासोबत बांधीत मासोळ्या येतात. रोवता रोवता जिच्या हाताला मासोळी लागेल, ती तिची. शेत कोणाचंही असो. बाया मासोळी ओटीत टाकतात आणि पुढे रोवायला लागतात, मालक बघत असला तरी.

दुपारी जेवताना मी मागचं पान उलटून उत्तर वाचलं. अंगठी तळ्याच्या मालकाची.

"बाप्पा बाप्पा!" काकू भाकर हातात धरून उभ्याच राहिल्या. "गाळ काढाले हा, आन् अंगठी घ्याले तो?" दुसरी म्हणाली, "हे पुस्तक मालकानंच लिवलं असन." तिसरीनं तर सांगितलं की अशा खोट्या परीक्षेला बसूच नको. मीही तावातावानं बोलत होते. रोवणीला आलेली आई मात्र भाकर अर्धी टाकून उठली. तिनं हात धुतले, पाणी प्यायली आणि आमच्याआधी चिखलात उतरली. मला वाटलं, काम लवकर आटपायचं असेल.

त्यानंतर माझं एक बिनसलंच. जिथे जिथे तत्त्व मला अन्यायाचं वाटे तिथे मी माझ्या मनाचा निकाल द्यायची. मोबाईलवर सराव परीक्षा दिली की कराराचे सगळे बरोबर, आणि या तऱ्हेचे अर्धे चूक. पोरगी मार्क बघून म्हणायची, "आई, तू प्रश्न सोडवत नाहीस, भांडतेस." मी तिच्यावरही चिडायची. अशा चार परीक्षा झाल्यावर एका सकाळी मी पुस्तक पलंगावर आपटलं आणि म्हटलं, नाही जमत मला, मरू दे ती वकिली.

आई दारात वालाच्या शेंगा सोलत होती. होय, वेल पुन्हा फुटला होता. ती म्हणाली, "इकडे ये. बस."

मग तिनं जे सांगितलं ते पंधरा वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. ती नवी नवरी होऊन आली तेव्हाची गोष्ट. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे रोवणीला गेली. रोवता रोवता तिच्या हाताला मरळ मासोळी लागली, चांगली हातभर. तिनं ओटीत टाकली. मालक धुऱ्यावर उभा होता. म्हणाला, माह्या बांधीतली हाय, ठेव खाली. बाकीच्या बायांनी रीत सांगितली, तर तो म्हणाला, "रीत तुमच्या घरी. कायदा पुस्तकात राह्यते, आन् पुस्तकात शेत माहं तं मासोळी माही."

"मले कुठं वाचता येत होतं?" आई म्हणाली. "मी ठेवून देल्ली. घरी सांगतलंच नाही. आन् त्या दिवशी तू पुस्तक वाचलं तं त्यातही तेच निंघालं. तो माणूस खराच बोलला होता."

मला राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. तो शेतकरी तर मरूनही बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आई, मंग तं मी भांडाले पायजे ना त्या पुस्तकाशी!"

"कोठून भांडशीन? दारातून?" तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "परीक्षा त्याइची, घर त्याइचं. दुसऱ्याच्या घरी गेलं का ते वाढतीन तसं जेवा लागते. मी या घरात आली तं पहिले चार वर्सं सासूच्या हातानं मीठ खाल्लं, मंग माह्या हातानं घातलं. पहिले आत तं जाय. आत गेल्यावर भांडजो."

पहिले आत तं जाय. मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. त्या दिवसापासून तत्त्व कितीही वाकडं असो, मी त्याच्याप्रमाणे निकाल द्यायला लागले, दातओठ खात. मार्क वर चढले. पोरीनं मोबाईल दाखवून माझी पाठ थोपटली आणि वर म्हणाली, "आता कसं शहाण्यासारखं वागून राहिली!"

परीक्षा नागपूरला होती, भर उन्हात. नवरा सोबत आला, बाहेर झाडाखाली बसून राहिला. आत सगळी विशी-बाविशीची पोरं, मला पाहून एका पोरीनं विचारलं, "काकू, पालकांना आत सोडतात का?" मी म्हटलं, "सोडतात, फॉर्म भरला असला तर." तिनं जीभ चावली, मग आम्ही दोघी हसलो, आणि माझी धडधड थोडी कमी झाली.

प्रश्न बरे होते. पोहे खाणारे पाहुणे आठवत मी करार सोडवले. आणि मग स्क्रीनवर काय आलं असेल? शेळी! तत्त्व: कुंपण नसलेल्या जागेत पाळीव जनावरानं नुकसान केलं तर भरपाई मागता येत नाही. घटना: एकाची शेळी शेजारच्या बिनकुंपणाच्या अंगणात शिरली आणि भाजी खाल्ली. भरपाई मिळेल का?

माझा वेल, माझ्या शेंगा, ते दोन तास, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मिळेल, मिळेल, हजारदा मिळेल! माउस त्या पर्यायावर नेलाही मी. मग हळूच मनाशी म्हटलं, पहिले आत तं जाय. आणि "मिळणार नाही" वर क्लिक केलं. बाहेर येऊन नवऱ्याला पहिली गोष्ट तीच सांगितली. "आज मी काकूच्या शेळीले माफ केलं." त्यानं रसवंतीवर दोन ग्लास उसाचा रस घेतला आणि सगळ्या दुकानाला ऐकवलं.

प्रवेशाच्या पहिल्या यादीत नाव नव्हतं. ते आठ-दहा दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही, नवराही टोमणा मारायला धजला नाही. दुसऱ्या यादीत नाव होतं. भंडारा! पोरीनं ओरडून अख्खी गल्ली गोळा केली. काकू धावत आल्या, मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "माही शेळी नसती तं तू कुठची वकील झाली असती!" आणि हे सांगायला मला आवडत नाही, पण त्यात तथ्य होतं.

कॉलेज सुरू झाल्यावर महिनाभर मी मागच्या बाकावर गप्प बसले. मग एका तासाला मॅडमनी विचारलं, कायदा येतो कुठून? कोणी म्हणालं संसदेतून, कोणी म्हणालं न्यायालयाच्या निकालांतून. मॅडम म्हणाल्या, आणखी? आणि फळ्यावर त्यांनी लिहिलं: रूढी. जी रीत फार जुनी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, वाजवी आहे आणि खंड न पडता पाळली जाते, तीसुद्धा कायदा म्हणून मानली जाऊ शकते. एखादं उदाहरण?

मी उभी राहिले. आवाज धुऱ्यावरचाच निघाला. बांधी, तलावाचं पाणी, ओटी, सगळं सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, मालक म्हणाला शेत माझं, मासोळी माझी. तर?" मॅडमनी दोन-चार उलटे प्रश्न विचारले. किती जुनी? कोणी मोडली तर गाव काय म्हणतं? मी एकेका प्रश्नाला उत्तर दिलं, भांडल्यासारखंच. शेवटी त्या म्हणाल्या, "या रीतीवर केस उभी राहिली असती, तर मी बाईच्या बाजूनं लढले असते. आणि मला वाटतं, जिंकलेही असते."

त्या दिवशी एसटी मोहाडीपर्यंत इतकी हळू चालली की मला ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसावंसं वाटत होतं. घरी आले तेव्हा आई चुलीपुढे होती. मी चप्पलही काढली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फळ्यावरचा शब्दही सांगितला. तिनं ऐकलं. पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "पुस्तकात लिवलं आहे?"

"लिवलं आहे, आई. दुसऱ्या पुस्तकात."

तव्यावरची भाकर करपायला लागली होती. तिनं ती उलटली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग ते मरळ माहीच होती."

"तुमचीच होती."

ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच होती, मग पदरानं तोंड पुसून तिनं मला ती मरळ केवढी होती ते दोन्ही हात लांब करून दाखवलं. वाल सोलताना सांगितली तेव्हा ती हातभर होती. आता ती चुलीपासून थेट दारापर्यंत पोचली होती. मी वकिलीची विद्यार्थिनी, पुरावा मागायला हवा होता. पण मी म्हटलं, "हो आई, एवढीच असन," आणि करपलेली भाकर तव्यावरून उचलून घेतली.