फोन उचलणारा कॉम्प्युटर

मनीषाच्या लग्नाचं चाललं होतं त्या आठवड्यात आमच्या घरचे सगळे फोन कॉम्प्युटरने घेतले, आणि हे काम त्याला मी दिलं होतं.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथल्याच द्वारका वसाहतीत नवेनवे राहायला आलो होतो. सोसायटीत निम्मे फ्लॅट रिकामे, पाणी टँकरचं, जवळपास भाजीवाला नाही. पण घरात फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही. कॉम्प्युटर माझ्या मुलीचा, मनीषाचा. ती एका खाजगी कंपनीत लागली होती आणि त्या पेटीला 'सर्व्हर' म्हणायची. तिचं सगळं काम त्यात साठवलेलं. ऑफिसात बसून ते मिळावं म्हणून तिने फोनच्या तारेला एक डबी जोडली. ती ऑफिसातून आपल्या घरी फोन लावणार, डबी तो उचलणार, आणि मग दोन्हीकडचे कॉम्प्युटर आपसात बोलणार.

"आई, बारा ते एक डबीचा स्विच चालू ठेवायचा आणि फोन उचलायचा नाही," तिने मला बजावलं. "एक वाजला की बंद. बाकी बिल्कुल हात लावायचा नाही."

फोन उचलू नकोस, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं! मी चौथी शिकलेली. फोन वाजला की माझे हात गार पडतात. पलीकडून हिंदी आलं की मी "घर में कोई नहीं है" म्हणते आणि ठेवून देते. (मराठी आलं तरी तेच म्हणते.) डबी मात्र धीट होती. दोन रिंगांत फोन घ्यायची, कुईईई करून लांबलचक सूर लावायची, थोडी खरखरायची. पलीकडे कोण आहे याची तिला जराही भीती नाही.

अशात एका रविवारी मनीषाला बघायला अविनाश आला. मूळचा पुण्याचा, दिल्लीत एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला. याआधीच्या तीन मुलांत मनीषाने खोड काढली होती. एक फार हसतो, एक मुळीच हसत नाही, आणि तिसऱ्याचे मोजे. अविनाश गेल्यावर दार लावून ती म्हणाली, "ठीक आहे." मनीषाने ठीक आहे म्हणणं म्हणजे दुसऱ्या मुलीने लाजून आत पळून जाणं.

पण जाताना अविनाश सांगून गेला होता, की आई दोन-तीन दिवसांत पुण्याहून फोन करून कळवेल. तो फोन दुपारी आला तर? होणाऱ्या विहीणबाईंशी मी बोलायचं? मी तोंड उघडणार आणि पोरीचं जमत आलेलं मोडणार. म्हणून सोमवारपासून बापलेक बाहेर पडले की मी डबी चालू करू लागले आणि सहा वाजता, मनीषा यायच्या आधी, बंद. ज्यांना गरज आहे ते संध्याकाळी करतील, ह्यांच्याशी बोलतील. तो आठवडा मला फार सुखाचा गेला. फोन वाजायचा, डबी घ्यायची, मी तांदूळ निवडत ऐकत बसायची.

शुक्रवार उजाडला तरी पुण्याहून काही नाही. हे म्हणाले, पोहे खारट झाले असणार. मनीषाने एकच ओढणी दोनदा इस्त्री केली. माझ्याने ते बघवेना.

रविवारी सकाळी दारात अविनाश उभा. पांढरा शर्ट, पडलेला चेहरा. आम्ही काय ते समजलो. मनीषा स्वयंपाकघरात गेली. मी चहा पुढे केला तर त्याने हात जोडले.

"नको काकू. आज चहा नको."

चहासुद्धा नको, म्हणजे सगळंच संपलं.

"आईला फार वाईट वाटलं, काका," तो म्हणाला.

"आम्हालाही वाटलं," हे म्हणाले. "पण जबरदस्ती थोडीच करता येते?"

"नाही ना. अचानकच झालं का?"

"अचानकच म्हणायचं. मागच्या रविवारी तर सगळं व्यवस्थित होतं."

अविनाशने मान खाली घातली. ह्यांनीही घातली. एवढ्यात फोन वाजला. पाहुण्यासमोर तो मला घ्यावा लागू नये, म्हणून चहा आणता आणता मी डबी लावून ठेवली होती. कुईईई!

अविनाश ताडकन उठला. "आत कोण रडतंय?"

मनीषा धावत बाहेर आली. "आई, रविवारी हे चालू कसं?" मग थांबून तिने अविनाशकडे पाहिलं. "रडतंय?"

मग उलगडा झाला. दिल्लीची लाइन त्याच्या आईला दुपारीच लागायची, आणि तिने ओळीने चार दुपारी फोन केला होता. चारही वेळा पलीकडे एक बाई गळा काढून रडत होती, तीही त्याच सुरात. घरात कुणीतरी गेलेलं दिसतंय. सुतकात लग्नाचं बोलू नये. म्हणून ती तेरावं होईपर्यंत थांबणार होती आणि तोवर अविनाशला समाचाराला पाठवलं होतं.

"होकार कळवायलाच करत होती हो ती फोन," अविनाश म्हणाला, आणि त्याने चहाचा कप उचलला.

मनीषा वळून माझ्याकडे बघू लागली. मी सोमवारपासूनचं सगळं कबूल केलं. आता ही भडकणार, असं मला वाटलं. पण ती ओढणी तोंडावर धरून जमिनीवरच बसली आणि हसत सुटली.

फोन पुन्हा वाजला. मुलगा पोचला का, हे विचारायला त्याची आईच करत असणार. मनीषाने डबी बंद केली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "आता तू बोल."

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत आणि मुलगी आता तुमचीच, एवढंच मला सांगायचं होतं. पण आनंदाने माझ्या तोंडातून निघाला तो एक लांबच लांब हुंदका.

विहीणबाईंनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, परत तेच लागलं," आणि फोन ठेवून दिला.