पडद्यापलीकडे वाजलेली शेंग

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि मी भिंतीला पाठ टेकून बसले आहे. समोर बांधून ठेवलेली बॅग. संध्याकाळी माझा मुलगा दिगू गाडी घेऊन येणार आणि मला पुण्याला घेऊन जाणार, ते कायमचंच. मीच हो म्हटलंय. आमचे हे गेल्यापासून या घरात माझा जीव थाऱ्यावर नाही. मांजरानं भांडं पाडलं तरी छातीत धस्स होतं. मागचं दार तर मी उघडलेलंच नाही. परसात पेरूच्या झाडाखाली हे कोसळले, तेव्हा लावलेली कडी अजून तशीच आहे. शेजारची रखमा विचारते, दारामागं काय वाघ बसलाय का? मी म्हणते, बसला असंल, मी काय बघायला गेले नाही.

डोळे जड होतात. पंख्याची घरघर वाढत वाढत जनरेटरची होते, मांडीखालची सतरंजी खरखरीत लागते, बघते तर मी मातीत बसले आहे. अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं. भोवती बायकाच बायका, आणि समोर पांढरा पडदा.

हा जत्रेतला तंबूतला सिनेमा. पडदा तंबूच्या मधोमध, त्याच्या एका अंगाला गडी, दुसऱ्या अंगाला बायका. नवी नवरी असली तरी नवऱ्याशेजारी बसायची सोय नाही. लग्नाच्या वर्षी आम्ही इथंच तो खुनाचा पिक्चर बघितला. जंगलातला बंगला, सुट्टीला आलेल्या कॉलेजच्या पोरी, आणि तोंडाला गोणपाट बांधलेला माणूस कोयता घेऊन एकेकीला गाठतो. आत जाताना यांनी माझ्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या होत्या. म्हणाले होते, भ्या वाटलं की एक शेंग फोड, मला पलीकडं ऐकू येतंय.

आताही पडद्यावर तोच बंगला आहे. आणि पडद्याच्या कडेला, जिथं बायकांत यायला कुणा गड्याची छाती होत नाही, तिथं हे उभे आहेत. डोक्यावर कानटोपी, हातात शेंगांचा पुडा. तब्येत चांगली दिसते. मला आधी रागच येतो.

"इतके दिवस कुठं होता?" मी विचारते.

"पलीकडच्या अंगाला," हे म्हणतात. जसं काही पानाच्या टपरीवर गेले होते.

मग मला आठवतं की यांना एक सांगायचं राहिलंय. जन्मभर आम्ही एका गोष्टीवरून भांडलो. मी म्हणायची, तो खुनी डावखुरा, कोयता डाव्या हातात. हे म्हणायचे, उजव्या. दिगूच्या लग्नात व्याह्यांसमोरसुद्धा आमची यावरून जुंपली होती. गेल्या आठवड्यात टीव्हीवर तो पिक्चर लागला आणि मी बघितलं, कोयता चक्क उजव्या हातात. वळून सांगायला गेले तर खुर्ची रिकामी. टीव्ही बंद केला आणि पोटभर रडले.

"तुमचंच खरं होतं," मी म्हणते. "उजवा हात."

हे हसतात. "तुझंबी खरंच हुतं, हौसा. अगं येडे, तू पडद्याच्या मागनं बघत हुतीस. मागनं समदं उलटं दिसतं. चल, दावतो."

मी यांच्या मागं निघते. पडद्याची कड ओलांडावी तर आमचं स्वयंपाकघर लागतं, शेगडीवर दूध उतू चाललंय. मी गॅस बंद करायला हात पुढं करते तर तो एसटी स्टँडवरचा नळ असतो. लोक रांगेत आहेत, कुणी ओळखत नाही. नळाच्या पुढं गड्यांची बाजू. माती, घोंगड्या, पण माणूस एक नाही. हे मला आपल्या घोंगडीवर बसवतात.

"आता शेवट बघ," हे म्हणतात.

शेवट मी कधी बघितलेलाच नाही. सगळ्या पोरी संपतात, एकटी मोठ्या वेणीची पोर उरते, आणि ती बंगल्याच्या मागच्या दाराच्या कडीला हात घालते. इथवर आलं आणि मी पदर डोळ्यांवर ओढला होता. माझ्या जावेनंही ओढला होता, सासूनंही. त्या अंगाला एका बाईनं तो शेवट बघितला असेल तर शपथ. घरी जाताना यांनी सांगितलं होतं की ऐनवेळी हिरो बुलेटवरून येतो आणि पोरीला वाचवतो.

मी पदर शोधते. हे उठून उभे राहतात.

"कुठं निघालात?"

"त्या अंगाला. आता तिकडं मी बसतो."

"मला एकटीला नाही बघवायचं."

"एकटी कुठं? पिक्चर त्योच हाय की दोन्हीकडं." माझ्या हातात पुडा देतात आणि पडद्याच्या कडेनं निघून जातात. मी हाक मारत नाही. मारली असती तर थांबले असते, आणि मग मी शेवट बघितलाच नसता.

पोर दाराशी उभी आहे. एका हातात कंदील, दुसरा कडीवर. कडी हलत नाही, पोर हलत नाही, आणि गाणंबिणं काही वाजत नाही. कुणीतरी मुद्दाम वेळ लांबवत बसलंय. दाराच्या फटीतून सावली दिसते, की दिसत नाही. मी एक शेंग काढते आणि फोडते. कट्ट.

पडद्यापलीकडून आवाज येतो. कट्ट.

मला हसू येतं आणि रडूही येतं, दोन्ही एकदमच. पोर कडी काढते. दारात तो उभा असतोच, कोयता उजव्या हातात. पोर कंदील त्याच्या तोंडावर धरते आणि डाव्या हातानं गोणपाट ओढून काढते. आत एक घामेजलेला, टकला माणूस. उजेडानं डोळे बारीक करतो. तिला वाट द्यायला तो दारातून आत सरकतो. ती बाहेर पडते, दार ओढून बाहेरून कडी घालते आणि पायरीवर बसून वेणी नीट करते. झाडांमागं तांबडं फुटलंय. बुलेट नाही, हिरो नाही, कुणी नाही.

"अहो," मी पडद्याकडं तोंड करून म्हणते, "कुणी आलंच नाही की."

"न्हाईच येत," पलीकडून आवाज येतो. "तवा तू लई भ्यालीवतीस. झोप लागावी म्हून म्या बुलेट आणली."

"खोटारडे."

"झोपलीस का न्हाई पण?"

झोपले होते, यांच्या दंडावर डोकं ठेवून. तेच सांगायला तोंड उघडते आणि बाहेर हॉर्न वाजतो.

पंखा फिरतोय. उन्हं उतरली आहेत. दिगूची गाडी दारात आली आहे. मी उठते, पण पाय पुढच्या दाराकडं वळत नाहीत. मागच्या दाराशी जाते. कडी गंजून बसली आहे. डाव्या हातानं ओढते तर सरकत नाही, आणि उजव्या हाताची मूठ कधीची आवळलेली आहे, झोपेतच आवळली असणार. मूठ उघडते.

तळहातावर भाजलेली शेंग. अख्खी. यांना कवळी बसली तेव्हापासून आमच्या घरात शेंग येत नाही.

मी ती दातांत धरते आणि दोन्ही हातांनी कडी ओढते. दार उघडतं. परसात ऊन आहे, पेरूखाली पिकून पडलेले पेरू, त्यांवर मुंगळे, आणि यांची एक चप्पल उलटी पडलेली. मी जाऊन ती सुलटी करते.

"आई, आवरलं ना? निघायचं?" दिगू पुढून विचारतो.

"बस जरा, चहा टाकते," मी म्हणते. "आणि ती बॅग आत कपाटाशी ठेव. मी येत नाही."

तो काहीतरी विचारायला लागतो. मी दातांतली शेंग हातात घेते, झाडाकडं तोंड करते आणि जोरात फोडते.