टेकडीखालची निवांत जागा

मंडळी, आज डोकं भणभणून राहिलं. विलायतेले आपला कापूस पाहिजे, म्हणून अमरावतीत दिवसभर गाड्यांची खडखड. जिवाले चैन नाही. म्हणून मी गावाबाहेर पायी हिंडतो.

मागच्या आठवड्यात पारावर तुमालेच सांगतलं होतं, टेकडीखाली निवांत पडीत रान हाय, माती अशी काळी की पाय रुतते.

आज गेलो तं तिथं वखर चालू! पायवाट गायब, बोरी तोडलेल्या.

"काहून हो दादा, हेच रान सापडलं?" मी वखरवाल्याले विचारलं.

"तुमच्याच पारावर आयकलं, गुरुजी. काळी माती पडीत ठेवाची का?"

तसाच तणतणत पुढं गेलो. आणखी एक निवांत जागा सापडली. पण तिथं नुसता मुरूम हाय, मंडळी. पटत नसन तं माह्या वहाणा पाहा, काळ्या मातीचा कण तरी हाय का? नाल्यावर धुऊनच आणल्या.